चाळीसाव्या पानापर्यंत

गुजरीतल्या चांदीच्या पेढीत
रात्रपाळीला माझ्यापुढं सोळा चौकोन.
एकात शटर, एकात जिना,
एकात तिजोरीकडं जाणारा बोळ,
सोळाव्यात मीच, पाठमोरा,
टक्कल कुठवर आलंय ते रोज कळतं.
दिवा मालवला तरी दिसतं सगळं,
राखाडी, स्वच्छ, तारीख-वेळेसकट.

म्हणून मांडीवर पुस्तक.
शनिवार पेठेतल्या वाचनालयाचं,
कव्हर गेलेलं, पहिलं पान गेलेलं,
लिहिणारा कोण, पत्ता नाही.
काउंटरवरच्या विजयमाला सरनोबत
शिक्का मारता मारता म्हणाल्या,
"परत भुताचंच? काय गावतंय ओ ह्यात?
अलीकडं कॉलेजची पोरं बी न्यायला लागलीत."
मला तेव्हा सांगता आलं नाही.

गोष्टीत एक माणूस दिवेलागणीला
घाटातल्या डाकबंगल्यापाशी पोचतो.
घोडं थकलेलं. धुकं.
आत कुणीतरी कंदील या खोलीतून त्या खोलीत नेतं.
तो हाक मारतो
आणि चाळीस पानं झाली तरी
दार उघडत नाही.

चाळीस पानं!
नुसता वारा, चौकटीचा ओला वास,
पायरीवरचं शेवाळ,
आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज,
आणि तो उभाच.

एवढा वेळ मला कुणी दिलाय?
माझी भीती येते ती टुंग वाजवून.
हप्ता थकला.
रिपोर्ट तयार आहे, समक्ष भेटा.
तिला पाऊल नाही, सावली नाही,
उंबऱ्याशी चपला काढायची रीत नाही.
आली की थेट छातीवर.

हे जुनं भय खाकरून येतं.
आधी वात बारीक करतं,
मग लांबचं एक कुत्रं गप्प करतं,
मग जिन्याची तिसरी पायरी.
माणसाला सावरून बसायला
सवड देतं.

सदतिसाव्या पानावर समासात पेन्सिलीनं:
'इथं थांबले. उद्या उजेडी वाचीन.'
खाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: 'मी पण.'
मागच्या कार्डावर तारखा एकाहत्तर सालापासून.
त्या बाईनं दुसऱ्या दिवशी वाचलं का,
याचा विचार मी शटरकडं बघत
बराच वेळ केला.

पावणेतीनला लाईट गेली.
सोळाच्या सोळा चौकोन मिटले.
इन्व्हर्टर तीन पावलांवर, बॅटरी खिशात.
उठलो नाही.
नऊ वर्षांत पहिल्यांदा पेढीला वास होता,
पॉलिशचा, गंजाचा, आणि कुठूनतरी
कारखान्याच्या मळीचा, गोडसर.
बोळाला लांबी आली.
माझ्या पाठीला पाठ आली.

तेवढ्यात
छुम.

हुपरीहून आलेल्या पैंजणांचे खोके आहेत आत.
उंदीर असेल. उंदीरच असणार.
तरी मी तोंडानं उंदीर म्हणालो नाही.
"कोण?" म्हणालो,
हळू, घरच्या माणसाला विचारावं तसं,
आणि अंगावरचा काटा
हाताने उलटा फिरवून पाहिला,
मांजराला गोंजारावं तसा.

सकाळी मालकांनी विचारलं,
"अकरा मिनिटं रेकॉर्डिंग नाही. काय झालं होतं?"
"काय नाही, लाईट गेलती."
गंगावेशीत कट्ट्यावर उभ्यानं
धारोष्ण दूध प्यालो, ओठावर फेस.
म्हशीनं माझ्याकडं जे पाहिलं
ते तिचं तिला माहीत.

वाचनालय उघडायची वाट बघत बसलो.
विजयमालाबाई कुलूप काढत म्हणाल्या,
"झालं का वाचून?"
"आठ दिवस वाढवून द्या."
"एवढं काय राहिलंय?"
"दार," मी म्हणालो.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
शिक्क्यावर फुंकर मारली,
आणि आजची तारीख उमटवायच्या आधी
पुस्तक उघडून, बोटानं, नेमकं
सदतिसावं पान काढलं.